मैनाबाईची हाक

रोवण्यात बाई मागं-मागं चालते. ज्यानं धानाची बांधी पाह्यली नाई त्यालेच हे सांगावं लागते. वाकाचं, डाव्या हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपायची, जुडी धराची, उजव्या हातानं दोन-तीन रोपं चिखलात खोचाची अन् एक पाऊल मागं सरकाचं. साऱ्या बाया एका ओळीत. एखादी रेंगाळली तं बाजूवाल्या मागं निघून जातेत. मंग तिच्या दोन्हीकून रोपं अन् मधात बोळ, त्या बोळीत ती एकटी. पाय इकडं-तिकडं पडला का दुसरीचं रोप तुडवलं जाते.

माहं लगन झालं त्या साली मी अशीच कोंडली गेलती. नवी नवरी, हातात हिरवा चुडा, पिंढरीएवढा चिखल, अन् टोळीतल्या बाया तिकडून हसून राह्यल्या. मले असा राग आला का जुडी फेकून माहेरी निघून जावं. तवा ओळीच्या टोकावून माही मोठी जाऊ मैनाबाई, तिनं हाक देली, "हात राखा वोऽ." साऱ्यायचे हात थांबले. अर्धं खोचलेलं रोप बी कोणी पुरं खोचलं नाई. मी बोळ भरत-भरत मागं आली, ओळीत लागली, मंग ती म्हणली, "चला मागं."

तवापासून पाह्यतो मी, आमच्या टोळीत हाच कायदा. कोणी पडली, कोणाले भोवळ आली, कोणाच्या पायात काच गेली, मैनाबाईची हाक आली का हात थांबला पायजे. मालक बांधीवर उभा राहून कितीबी बडबडो. एकदा किरनापूरच्या एका शेतवाल्यानं म्हणलं, "बाई, तू बायायले बसाचे पैसे देऊन राह्यली का?" मैनाबाई त्याले म्हणली, "मंग तूच उतर खाली अन् रोव." तो उतरला नाई.

अशी बाई. घरात मातर आवाज नाई तिचा. घरात बोलणारे एकच, तिचे मालक हेमराज. ते माहे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यायच्या समोर मी डोक्यावून पदर घेतो अन् तोंड उघडत नाई. त्यायले काही सांगाचं असलं तं भिंतीले सांगितल्यासारखं सांगतो. लोक म्हणतेत शीला तोंडाची फटकळ हाय. हाय तं हाय. पण भासऱ्यापुढं नाई, तो आमच्याकडला कायदा.

मले लेकरू नाई. मैनाबाईले एकच पोरगी, श्रुतिका, ते माह्याच पदराखाली मोठी झाली म्हणलं तं चालते. सहावीपासून ते बालाघाटच्या रस्त्यावरल्या निवासी शाळेत राहे. मागच्या साली दहावीत गेली. ती शाळा दहावीपर्यंतच. पुढं शिकाचं तं किरनापूरले जाचं, अन् आमच्या गावातून किरनापूरले जाचं म्हणजे नाला. पावसाळ्यात नाला भरला का मास्तरच येत नाई, तं पोरगी काय जाईन.

भासऱ्यायनं ठरवूनच टाकलं होतं. त्यायची बहीण मंजू नागपूरले राह्यते. पोट्टे शिकाले येतेत त्यायच्या मेसमधी ते पोळ्या लाटते. दहावी झाली का श्रुतिकाले तिच्याकडं धाडाचं, तिथंच पोळ्यायवर लावाचं. "चांगलं काम हाय, सावलीत हाय," असं म्हणत.

मागच्या साली पाणी लांबलं. पऱ्हे वाफ्यातच वाढून पिवळे पडाले लागले. मंग आलं ते असं आलं का साऱ्या गावाच्या बांध्या एकदमच भरल्या. साऱ्यायचाच रोवणा एकदम. बाई मिळणार कुठून? आमच्याकडं पैशानं कमी, कामाच्या बदल्यात काम जास्त. आज मी तुह्या बांधीत, उद्या तू माह्या. ज्या घरची बाई दुसऱ्याच्या बांधीत उतरली नाई, त्या घरचे पऱ्हे वाफ्यातच सडतेत.

अन् त्यातच मैनाबाई पडली. डोक्यावर पऱ्ह्याचा भारा, बांधीच्या कडेची पाळ ओली, पाय सुटला. कमरेवरच आपटली. माह्या नवऱ्यानं अन् मी तिले बाजेवर घालून घरी आणलं. मोहट्याचं तेल लावलं, विटकर तापवून शेकलं, काही नाई. कूस बदलाले बी दुसरा माणूस लागे.

भासरे अंगणात उभे होते. पाऊस पडून राह्यला होता अन् हे तसेच उभे. मंग प्रेमलालले म्हणले, "जाय, पोरीले घेऊन ये."

प्रेमलाल म्हणजे माहा नवरा. नाव घेतलं तं काय होते, आता साऱ्याच घेतेत. मीबी त्याच्या मागं गाडीवर बसली.

शाळेच्या फाटकावर चौकीदारानं अडवलं. "मिलने का दिन इतवार है." आमी टिनाच्या खाली उभे राह्यलो. माह्या साडीचा काठ चिखलानं भरलेला, तो तिकडं पाहे अन् पुसलेल्या फरशीकडं पाहे. मीबी त्याच्याकडं अशी पाह्यली का त्यानं मान फिरवली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "चला मागंऽ". मैनाबाईचाच आवाज. तिले तं मी बाजेवर सोडून आलती. फाटकातून वाकून पाह्यलं तं मैदानात आठ पोरी एका दोराले लागलेल्या. दोराच्या दुसऱ्या टोकाले ट्रॅक्टरचा टायर, टायरात दगड. पाऊस पडून राह्यला अन् पोरी मागं-मागं चालून राह्यल्या, आठ जणींचा एकच पाय. सर्वात मागं श्रुतिका, कमरेले दोर गुंडाळलेला, ते हाक देऊन राह्यली होती. थोड्या वेळानं ते म्हणली, "हात राखा वो," तश्या साऱ्या थांबल्या, हसल्या, हात झटकाले लागल्या.

खेळाच्या मंजुषा मॅडम फाटकापाशी आल्या. बालाघाटच्या, अंगावर ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. म्हणल्या, "मैंने कुछ नहीं सिखाया. सब की सब रोपा लगाने वाली लड़कियाँ हैं. पीछे चलना इनको घर से आता है." मंग आमी काहून आलो ते ऐकलं अन् त्यायचं तोंड उतरलं. जिल्ह्याची रस्सीखेच स्पर्धा तोंडावर आलती. जिल्हा जिंकला तं पुढं मोठी स्पर्धा, अन् तिथं गेलेल्या पोरीयले जबलपूरच्या खेळाच्या होस्टेलात अकरावी-बारावी शिकाले जागा. त्या मराठीत बोलाले लागल्या, मोडकं-तोडकं. "ताई, हिच्याशिवाय टीम नाही. रोपा होऊ द्या, पण लवकर पाठवा. आणि हात सांभाळा हिचे."

"हात सांभाळून रोवणा होते का मॅडम?" मी म्हणली. 

श्रुतिका कपडे बदलून आली. गाडीवर माह्या नवऱ्याच्या अन् माह्या मधात बसली.  नाल्याच्या पाण्यातून गाडी ढकलता-ढकलता म्हणली, "काकी, बाबा मले पुन्हा धाडन ना?"

"धाडन," मी म्हणली. माह्या हातात होतं काय ते सांगाले!

घरी आल्यावर तिनं आईचे पाय दाबले, भात खाल्ला, अन् मंग सरळ बापापुढं जाऊन बसली. मी चुलीपाशी, पदर डोक्यावर.

"बाबा, मी रोवणा करतो. साऱ्यायचे दिवस फेडतो. आपलाबी करतो. पण मंग मले जाऊ द्या."

भासरे बिडी वळून राह्यले होते. त्यायनं वर पाह्यलं नाई. "दोर ओढून कोणाचं पोट भरते?"

"जिंकलो तं जबलपूरले शिकाले भेटते. होस्टेल हाय."

"अन् हारली तं?"

तिनं आईच्या बाजेकडं पाह्यलं.

"रोवणा निपटव. मंग जाय, ओढ तुहा दोर. जिंकली तं जबलपूर. हारली तं दहावी करून नागपूर, मंजूकडं. मंग रडाचं नाई."

"नाई रडन."

भासरे वाईट माणूस नाई. हे मी त्यायच्या भीतीनं नाई सांगून राह्यली. पोरगी झोपल्यावर तेच उठून तिची ओली चप्पल चुलीपाशी सुकाले ठेवून गेले. पण आपल्याच्यानं काही बदलत असते हे त्यायच्या डोक्यातूनच निघून गेलतं.

दुसऱ्या दिवशीपासून पोरगी बांधीत. आपल्या आईच्या जागेवर, ओळीच्या टोकाले. शाळेतलं अंग, इतके दिवस चिखल नाई. पहिल्याच दिवशी कंबर अशी धरली का दुपारी भाकर खाले बसली ते उठता येईना. बाया चिडवाले लागल्या, "काय वो बाई, तुह्या शाळेत बाकावर बसाले शिकवतेत का?" ते हसली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पायाच्या बोटायमधी चिखल्या झाल्या. कातडी पांढरी, भिजलेली, मंग फाटली. संध्याकाळी मी मेंदीचा पाला वाटून लावो. लावताना ती दात आवळून बसे अन् भिंतीकडं पाहे.

मैनाबाईले घरात चैन पडेना. कोणाच्या ना कोणाच्या खांद्यावर हात टाकून येई अन् पाळीवर बसे, प्लास्टिकची खोळ डोक्यावून घेऊन. हाताचं काम नाई, पण हाक तिचीच. "चला मागं." "जवळ खोचा." "शीला, डुलकी लागली का तुले?" माहाच उद्धार पहिले.

आमची बांधी सर्वात शेवटी राह्यली. पऱ्हे असे लांब झाल्ते का शेंडे खुडून रोवावे लागले. श्रुतिका आता दर दिवशी नाल्याकडं पाहे. मंग एका सकाळी दीप्ती आली. बाजूच्या टोल्यावरली, म्हणजे वस्तीवरली, पुनाराम बुढ्याची नात, यायच्याच टीममधली. काटकी पोरगी, पाय तं बगळ्याचे. तेबी रोवण्यालेच घरी आलती, तिच्या घरचा रोवणा झाला होता. "तू अटकली तं सारी टीम अटकन," असं म्हणून सलवार वर खोचून उतरली आमच्या बांधीत.

दुपारून ते पडली. फसलेला पाय काढाले गेली अन् तोंडावरच. नाका-तोंडात चिखल. पाळीवून मैनाबाईची हाक आली, "हात राखा वोऽ." सारे हात थांबले. दीप्ती उठली, थुंकली, बांधीतल्या पाण्यानं तोंड धुतलं, बोळ भरत मागं आली. "चला मागं." त्या दिवशी अंधार पडाच्या आत आमची बांधी हिरवी झाली. श्रुतिका पाळीवर चढली अन् मागं वळून सारी ओळ पाह्यली. एकबी ओळ वाकडी नव्हती. मले म्हणली, "काकी, आता जाऊ ना?"

गेली. चिखल्या घेऊनच गेल्या, दोघीबी.

स्पर्धेच्या दिवशी मैनाबाई म्हणली, "मी जाणार." कंबर बरी नव्हती. भासरे म्हणले, "बसमधी आपटशील." ते म्हणली, "आपटली तं आपटली." इतक्या वर्षात ते नवऱ्याले अशी पहिल्यांदाच बोलली असन. भासऱ्यायनं स्वतःच तिच्या कमरेले जुनं लुगडं घट्ट आवळून देलं. ते काही आले नाई. मी तिले घेऊन गेली, किरनापूरपर्यंत गाडीवर, पुढं बस. बसमधी ते सारा रस्ता पुढच्या सीटची दांडी धरून उभीच. बसलं का कळ येई.

बालाघाटात एका मोठ्या शाळेचं मैदान. मंडप, माइक, पेंडॉलमधी खुर्च्यायवर साहेब लोक. रात्री पाणी पडलं होतं तं मैदानाचा चिखल झाला होता. माइकवाला सारखा म्हणे, मैदान गीला है, सब संभलकर. मले हसू आलं. म्हणलं, बाई, आपलीच बांधी हाय ही. मैनाबाईबी हसली. रस्सीच्या बाजूले लोकायची गर्दी, आमी दोघी रेटून-रेटून पुढं गेलो.

आमच्या पोरीयनं पहिल्या दोन टीमा अशा ओढल्या जशी काही जनावरं गोठ्यात आणली. आखरीले शहरातल्या एका मोठ्या शाळेची टीम आली. पोरी धिप्पाड, पायात खिळ्याचे बूट. आमच्या अनवाणी. श्रुतिका सर्वात मागं, कमरेले दोर. दीप्ती तिच्या पुढं. श्रुतिकानं एकदा गर्दीत पाह्यलं, आई दिसली, तशी तिनं मान खाली घालून पाय चिखलात रोवले.

पहिली ओढ आमची. दुसरी त्यायची. तिसरीत ज्याची ओढ त्याची जीत.

शिट्टी वाजली. दोर ताणला अन् तिथंच राह्यला, ना इकडं ना तिकडं. पोरीयच्या मानेच्या शिरा दिसाले लागल्या. मंग श्रुतिकाचा आवाज आला, "चला मागंऽ". एक पाऊल. "चला मागंऽ". अजून एक. मधातला लाल रुमाल आमच्याकडं याले लागला. समोरच्या पोरीयचे बूट घसरून राह्यले होते. चुन्याची रेघ हातभर राह्यली असन, तितकीच. मंजुषा मॅडम गुडघ्यावर बसून जमीन ठोकून राह्यल्या होत्या. माहे हात मीच आवळून धरलते.

अन् दीप्तीचा पाय सुटला. फाटक्या चिखल्यायचा पाय, कसा टिकन? ते तोंडावर पडली, दोर तिच्या अंगावून, पुढच्या पोरीयचे पाय तिच्या पाठीवर. पण बाकीच्या ओढूनच राह्यल्या होत्या. श्रुतिका थांबली नव्हती. तिचं तोंड उघडं होतं, पुढची हाक याचीच होती. रुमाल अजून आमच्याकडंच येऊन राह्यला होता. हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं हाय.

"हात राखा वोऽ."

माह्या बाजूले. माह्या कानातच. मैनाबाई कमरेवर हात ठेवून ताठ उभी होती अन् तिची हाक साऱ्या मैदानावून गेली, माइकपेक्षा मोठी.

साऱ्या पोरीयचे हात थांबले. सवय, दुसरं काही नाई. दोर सुटला.

समोरच्या पोरी सोडणाऱ्या थोड्याच होत्या. दोर सपकन गेला. श्रुतिकाच्या कमरेले गुंडाळलेला, तं ते दोरासंग गेली, चिखलातून फरफटत, दीप्तीच्या पुढं, रेघेच्या पार. तिकडले लोक नाचाले लागले, ढोल वाजला.

मंजुषा मॅडम धावत आल्या. दीप्तीले उठवलं, नाकातून रक्त, पण बरी होती. मंग पोरीयवर ओरडल्या, "किसने रोका? किसने आवाज दी?"  दीप्तीनं आमच्याकडं पाह्यलं. श्रुतिका उठून उभी राह्यली. गालाले, मानेले चिखल, हाताची कातडी सोललेली. तिनंबी आमच्याकडं पाह्यलं, थोडंसंच, अन् मॅडमले म्हणली, "मैंने दी."

"तूने? जीत रहे थे हम, श्रुतिका."

"आदत से निकल गया मॅडम."

मैनाबाई माह्या बाजूले उभी. मले वाटलं आता बोलन, आता म्हणन का मी होती. तिचे होठ हालले. पण आवाज आला नाई. मीच जाऊन सांगावं असं मनात आलं. मंग म्हणलं, सांगून काय होणार हाय. हारलेलं जिंकलेलं होत नाई. पोरीनं आईसाठी अंगावर घेतलं ते तरी कशाले हिसकावाचं.

श्रुतिका आमच्याजवळ आली. आईच्या कमरेचं लुगडं ढिलं झाल्तं, ते तिनं सोललेल्या हातानं पुन्हा आवळून देलं. "जाय घरी, उशीर होईन," म्हणली. रडली नाई. बापाले शब्द देलता.

घरी भासरे दारातच होते. आमच्या तोंडावून त्यायले समजलंच. "काय झालं?" त्यायनं मैनाबाईले विचारलं. मैनाबाई आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. भासरे तिथंच उभे राह्यले, अन् जिंदगीत पहिल्यांदा मी भासऱ्याले तोंडानं उत्तर देलं. "दीप्तीचा पाय घसरला. हारल्या."

"हौ," ते म्हणले. मंग म्हणले, "पाय चिखल्यायचे होते." अन् अंगणात जाऊन बसले. खुश नव्हते, हे मी सांगतो. पण नागपूरले फोन त्याच आठवड्यात केला.

दहावी झाली, पोरगी चांगली पास झाली, मंजुषा मॅडमचा फोनबी आला का किरनापूरले नाव टाका. भासरे ऐकत राह्यले अन् "पाह्यतो" म्हणले. मे महिन्यात नागपूरवाली मंजू येऊन पोरीले घेऊन गेली. जाताना श्रुतिकानं आईचे पाय धरले. मैनाबाई तिच्या केसातून हात फिरवत राह्यली अन् बोलली नाई. तशीबी ते स्पर्धेच्या दिवसापासून बोलतच नव्हती म्हणा, मीठ दे, पाणी दे, एवढंच.

यंदा पाणी वेळेवर आलं. पऱ्हे मस्त, काळेशार. मैनाबाईची कंबर चालण्यासारखी झाली, ते ओळीच्या टोकाले उतरली. आमी तिच्या हाकेची वाट पाह्यली. मंग पुनारामची सून म्हणली, "चला बाप्पा," अन् आमी रोवाले लागलो, ज्याच्या त्याच्या हातानं. दुपारून माह्या पायात काटा भरला. मी वाकून काढत राह्यली. वर पाह्यलं तं दोन्हीकून रोपं, ओळ पार मागं गेलती. मी टोकाकडं पाह्यली. मैनाबाईनंबी माह्याकडं पाह्यलं. तिचा हात थांबला, तिचाच, एकटीचा. बाकीच्या मागं जातच राह्यल्या. मी बोळीतून एकटीच भरत-भरत गेली. हसलंबी नाई कोणी.

संध्याकाळी श्रुतिकाचा फोन आला. मागं भांड्यायचा आवाज, कोणी पोट्टा पोळी मागून राह्यला होता.

"काकी, रोवणा लागला का?"

"हौ, लागला."

"आईची कंबर?"

"बरी हाय. उतरली बांधीत."

 मंग म्हणली, "हाक देते का?"

मैनाबाई चुलीपाशी बसली होती, माह्याकडं पाठ करून. तिले सारं ऐकू येऊन राह्यलं होतं.

"हौ," मी म्हणली. "देते ना. पह्यल्यासारखीच."

"मंग उद्या बांधीतून फोन लावजो काकी. मले ऐकाची हाय."

लावतो म्हणली मी. दुसऱ्या दिवशी फोन घरीच कोठीवर ठेवून गेली.